उंच काचेची ओवाळणी

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. तीन चाकांची, लांब पल्ल्याची, आणि मनात डूख धरून बसलेली. तुम्ही शाळेत फाटक्या छत्रीचं, बंद पडलेल्या घड्याळाचं मनोगत वाचलं असेल. ती बिचारी फार गोड बोलतात. कोणी उकिरड्यावर फेकलं तरी 'असो' म्हणतात. मला नाही बुवा 'असो' म्हणता येत. ज्यानं माझं नाव मातीत घातलं त्याचं नाव मी आधीच सांगून टाकते: चंदन तोताराम नारखेडे. आता निवांत ऐका.

मी जन्मले तेव्हा मला दोनच चाकं होती. दक्षिणेतल्या एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले, मालगाडीनं मी जळगावला आले आणि नऊ वर्षांपूर्वी चंदननं मला दुकानातून घरी आणलं. घर नशिराबादच्या पुढे, केळीच्या मळ्यातलं. चंदनचे वडील तोताराम आबा म्हणजे जुने बागाईतदार. पंचवीस वर्षं सायकल आणि बैलगाडी सोडून कशावर बसले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्यापुढे नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. चंदनची धाकटी बहीण कामिनी, तेव्हा परकर-पोलक्यातून नुकतीच बाहेर पडलेली, तिनं माझ्या दिव्याला कुंकू लावलं आणि बोट माझ्याच टाकीला पुसलं. तो डाग पुढे वर्षभर होता.

खोटं कशाला बोलू, मी चढून गेले होते. गावात एवढी मोठी गाडी दुसरी नव्हती. नशिराबादच्या चौकात मी उभी राहिले की माणसं चहाचा कप हातात घेऊन बघायला यायची. 'काय आवाज आहे!' म्हणायची. चंदन मग उगाच एकदा आवाज काढून दाखवायचा. हा माणूस गाडी चालवायचा कमी आणि दाखवायचा जास्त. मोकळा रस्ता दिसला की एक हात सोडायचा, दोन्ही पाय उचलून पुढच्या गार्डवर टाकायचा आणि खिशातून मोबाइल काढून स्वतःलाच टिपत बसायचा. माझं तेल वेळेवर बदललं नाही, चेन कोरडी ठेवली, तरी मी कुरकुरले नाही. एक गोष्ट मात्र त्यानं केली. त्या अपघाताच्या आठच दिवस आधी माझे दोन्ही ब्रेक नवे बसवले होते. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण पुढे कोणीच ठेवलं नाही.

कामिनी तेव्हा धुळ्याला शिकायला होती. सुट्टी लागली म्हणून चंदन तिला आणायला गेला. तिला मागे बसवून आम्ही परत निघालो तेव्हा भर दुपार होती. पारोळा मागे पडलं होतं, एरंडोल यायचं होतं. रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती, तिचा ट्रॅक्टरवाला पाणी प्यायला गेला होता. ट्रॉली लांबून दिसत होती. मला दिसत होती, आंधळ्यालाही दिसली असती. चंदनला दिसली नाही, कारण त्याचा उजवा हात खिशात मोबाइल शोधत होता आणि पाय गार्डवर होते. मित्रांनो, मी गाडी आहे. माझे ब्रेक कोणी दाबले तर मी थांबते. कोणी दाबलेच नाहीत तर मी काय स्वतःच्या मनानं थांबू?

चंदनच्या कोपराला खरचटलं. कामिनीचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

मला टेंपोतून दवाखान्याच्या आवारात आणलं होतं. तिथं आबांनी विचारलं, "कसं झालं रे?" आणि चंदन माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "ब्रेकच लागला नाही आबा. गाडीनं दगा देल्ला." बस्स. एवढ्या एका वाक्यानं माझा निकाल लागला. त्याचं लग्न ठरलेलं होतं, बोदवडच्या कोकिळाशी, दोन महिन्यांवर आलं होतं. तिकडची मंडळी भेटायला आली, त्यांनाही त्यानं तेच सांगितलं. मग मामाला, मग पोलिसांना, मग गावाला. दहाव्या वेळेपर्यंत त्याचं त्यालाही खरं वाटायला लागलं असावं. खोटं बोलणाऱ्याचं एक बरं असतं, ऐकणारा दमतो, तो दमत नाही.

मला पंपघराच्या मागे नेऊन टाकलं. तीन वर्षं मी तिथं होते. अंगावर फाटकी ताडपत्री, सीटमध्ये उंदरांचा संसार, हँडलवर कोंबड्या. ते सगळं मी सहन केलं असतं. पण रोज सकाळी मोटार चालू करायला आबा यायचे, माझ्याकडे बघायचे आणि बाजूला थुंकायचे. "दगाबाज," म्हणायचे. ज्या माणसानं माझ्यापुढे नारळ फोडला त्याच्याच तोंडून हे ऐकायचं, आणि तोंड असून नसल्यासारखं गप्प बसायचं! तेव्हाच मी शपथ घेतली. कधी ना कधी हा चंदन पुन्हा माझ्या सीटवर बसेल, आणि बसला की त्याला असा हलवीन, असा हलवीन की बत्तीशी वाजली पाहिजे.

चौथ्या वर्षी ताडपत्री उचलली ती कामिनीनं. कृत्रिम पायावर ती आता छान चालत होती. केळीची रोपं तयार करणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. शेतकऱ्यांच्या बांधावर जायचं, रोपं तपासायची, आणि दर सोमवारी धुळ्याच्या कचेरीत हजर व्हायचं. एसटी बांधापर्यंत जात नाही, म्हणून तिला स्वतःची गाडी हवी होती. घरात एकच गदारोळ झाला.

"जगात दुसऱ्या गाड्या मेल्या का?" आबा ओरडले. "त्या दगाबाजवर पुन्हा बसशील?"

"मले तीच पाहिजे," कामिनी म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही. ही पोरगी कारण कधी सांगतच नाही, आणि त्यामुळे माझा किती वेळ फुकट संताप झाला ते पुढे कळेलच.

टेंपोत घालून मला धुळ्याला नेलं, वना मिस्त्रींकडे. साठी उलटलेला माणूस, हाताला ग्रीसचा वास, तोंडात अहिराणी. अपंगांसाठी गाड्या तयार करून देण्यात त्यांचा हातखंडा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे ब्रेक खोलले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ताई, हाऊ ब्रेक ते नवाच शे. याले काहीच व्हयेल नही."

माझं इंजिन बंद होतं, तरी मला धडधडल्यासारखं झालं. आता! आता ही फोन काढणार, आबांना सांगणार, चंदनचं पितळ उघडं पडणार! कामिनीनं तो ब्रेक हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "बरं. पुढचं काम करा वनाभाऊ."

एवढंच. मी अशी चिडले तिच्यावर! तुझा पाय गेला, माझी अब्रू गेली, आणि 'पुढचं काम करा'?

पुढचं काम मात्र झकास झालं. वनाभाऊंनी मागे रुंद आस टाकून दोन चाकं बसवली. डाव्या पायाचा गिअर हाताशी आणला. सामानाच्या दोन पेट्या जोडल्या, समोर हातभर उंचीची काच लावली. परिवहन कार्यालयात सगळं रीतसर पास झालं. आणि मग मित्रांनो, पुढची जवळजवळ तीन वर्षं मी सुखाची पाहिली. दर सोमवारी धुळे. सुट्टीच्या दिवशी तोरणमाळ, सापुतारा. कामिनी माझं तेल वेळेआधी बदलायची. घाटात उतरताना टाकीवर थाप मारून "शाबास बाई" म्हणायची. वाटेत बायका थांबून विचारायच्या, "ताई, ही कोणती गाडी वं?" आणि ती सांगायची, "माझी."

पण डूख गेला नव्हता. चंदन अंगणातून जाताना माझ्या बाजूनं जायचा नाही, गोठ्याला वळसा घालायचा. मी वाट बघत होते.

कामिनीला एक तक्रार होती, तीही कधीमधी बोलण्याच्या ओघात केलेली. लांबच्या प्रवासात छातीवर वारा येतो, दमायला होतं. ते चंदनच्या कानावर गेलं असणार. गेल्या भाऊबीजेला कामिनीनं त्याला ओवाळलं आणि त्यानं ताटात काही न टाकता अंगणातून एक भलंमोठं खोकं आणलं. आत काच होती. माझ्या हँडलपासून निघून कामिनीच्या डोक्याच्याही वर टीचभर जाईल एवढी उंच. जळगावच्या दुकानातून खास मागवलेली.

"घे," तो म्हणाला. "आता वाऱ्याचा बाप आला तरी लागणार नाही."

कामिनीचे डोळे भरून आले. मला मात्र ती काच नको होती. पाय घेतलास आणि काच देतोस काय रे? पण मला कोण विचारतो! दुसऱ्या दिवशी ती काच माझ्यावर चढली.

आणि छळ सुरू झाला. वाऱ्याचं असं असतं, मित्रांनो, की तुम्ही त्याला तोंडावर दार लावलंत तर तो परत जात नाही, भिंतीवरून उडी मारतो. साठाच्या पुढे वेग गेला की काचेनं अडवलेला वारा वरून उसळायचा, मागे वळायचा आणि कामिनीच्या डोक्यावर आदळायचा. काचेमागे पोकळी व्हायची, ती भरायला चाकांच्या मधून खालचा वारा गरगरत वर यायचा. तिचं हेल्मेट असं हलायचं, जणू कोणी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतंय. डोळ्यांपुढे एका ट्रकचे दोन ट्रक व्हायचे. धुळ्याला पोचेपर्यंत मान आखडायची, पोटात ढवळायचं. ज्या हादऱ्याची मी चंदनसाठी शपथ घेतली होती तो माझ्याच अंगावरून कामिनीला बसत होता.

काढून टाकायची की मग काच! तुम्ही म्हणाल. पण ती ओवाळणी होती. भावानं ओवाळणीत घातलेलं परत करायचं नसतं, बदलायचं नसतं, त्याला नाव तर मुळीच ठेवायचं नसतं. कामिनीनं हेल्मेट बदललं. मानेला पट्टा लावला. पन्नासच्या वर वेग न्यायचं सोडलं, तर मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. असे पाच महिने तिनं काढले, आणि घरी चकार शब्द काढला नाही.

गुढीपाडवा झाल्यावरच्या एका सोमवारी फागण्याजवळ रेंगाळणारा ट्रक ओलांडायला तिनं वेग वाढवला, आणि हादरे एवढे वाढले की तिला रस्त्याची पांढरी रेघच दिसेना. माझं डावं चाक खडीत उतरलं. तिनं ब्रेक दाबला आणि मी थांबले. लक्षात घ्या, मी थांबले! पुलाचा कठडा वीतभर पुढे होता.

त्या संध्याकाळी तिनं घरी खरं सांगितलं. तीच तिची चूक झाली. चंदन उठून उभाच राहिला. "मी सांगितलं होतं ना? ही गाडीच दगाबाज हे!"

"गाडी नाही भाऊ, वारा हे. काच उंच झाली."

"म्हणजे माझ्या ओवाळणीत खोट?"

आबांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "आखाजी झाली का दुसऱ्या दिवशी ही गाडी भंगारात. पोरीचा पाय गेला, आता पोरगी नाही घालवाची मले."

गाडी गेली की बांधावरची कामं गेली, बांधावरची कामं गेली की नोकरी गेली, आणि मग कामिनी त्या अंगणात बाज टाकून बसणार, येणारे-जाणारे 'बिच्चारी' म्हणणार. हे तिला कळत होतं. आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, अठरा दिवस होते. आणि चंदनच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं सांगू? सुटका. मी भंगारात गेले की त्याच्या खोट्याचा शेवटचा साक्षीदार भट्टीत जाणार होता. मी आतल्या आत जळत होते.

कामिनी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं केळीचं वाळलेलं सोपट आणलं, ज्यानं आपण रोपं बांधतो ते. त्याचे बारीक धागे काढले आणि चिकटपट्टीनं माझ्या काचेवर, आरशांवर, हेल्मेटवर, गुडघ्यांपाशी लावले. मी दिसत होते एखाद्या नवसाच्या झाडासारखी. मग कोकिळावहिनीला तिच्या स्कूटीवरून सोबत यायला सांगितलं, म्हणाली, "वहिनी, माझ्या बाजूनं चाल अन् धागे कसे उडतात ते सांग." ही कोकिळा मोठी धीट बाई. नवऱ्याला न सांगता निघाली.

बायपासच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोन फेऱ्या मारल्या. थांबल्यावर कोकिळा स्कूटीवरूनच ओरडली, "अवो ताई, काचेमागचे धागे तर उलटे पळू ऱ्हायले, काचेकडे! अन् डोक्यावरचे नुसते फुगडी घालू ऱ्हायले. वारा मागून येऊ ऱ्हायला का काय?"

दुखणं कुठं आहे ते कळलं, औषध कळेना. ते सापडलं मळ्यात, आणि तेही चंदनच्याच करणीमुळे. त्यानं त्या वर्षी आबांचं न ऐकता बागेच्या पश्चिमेची शेवरी उपटली होती. केळीच्या कडेनं आपण शेवरीची दाट रांग लावतो ना, गरम वाऱ्यापासून आडोसा म्हणून, तीच. 'जागा खाते, पाणी पिते,' म्हणत त्यानं तिथं पत्र्याचं उंच कुंपण ठोकलं. चैत्राचा वारा सुटला, आणि पत्र्यालगतची ओळ वाचली पण तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या पानांच्या चिंध्या झाल्या. जिथं शेवरी शिल्लक होती तिथली पानं शाबूत होती.

आबा बांधावर उभे राहून चंदनला झाडत होते. मी आणि कामिनी शेजारीच होतो.

"अरे गधड्या, शेवरी काहून लावतात? वारा अडवाचा नसतो, चाळाचा असतो! थोडा येऊ द्याचा, थोडा धराचा. तू पत्रा ठोकला, तो वरून उडी मारून मागच्या केळीच्या डोक्यात बसला."

कामिनी माझ्यावर बसल्या बसल्या हसायला लागली. आबांना वाटलं, भावाला शिव्या बसल्या म्हणून हसतेय. पण तिनं चावी फिरवली होती. सोमवार उजाडायचीही वाट न बघता आम्ही धुळ्याला निघालो, पन्नासच्याच वेगानं.

वनाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. करवत हातात घेतली आणि थांबले. "भाऊनी ओवाळणी शे ना ताई? कापू?"

"कापा," कामिनी म्हणाली. "ओवाळणी बहिणीला जपायला देतात. जपू दे मग."

तिचे डोळे काचेच्या वरून सरळ रस्ता पाहतील एवढी काच खाली आणली. कड घासून गोल केली. मग नळीचे तुकडे घालून सगळी काच पुढे सरकवली, म्हणजे खालून तीन बोटांची फट राहील आणि थोडा वारा शिस्तीत आत येईल. गुडघ्यांपाशी, जिथून खालचा वारा वर चढायचा, तिथं जुन्या ट्यूबच्या रबराचे पडदे लावले. हे काही एका झटक्यात जमलं नाही. पहिल्यांदा फट कमी पडली. दुसऱ्यांदा काच खुळखुळायला लागली. तिसऱ्यांदा आम्ही निघालो, साठ, पासष्ट, सत्तर, आणि सोपटाचे सगळे धागे निमूट मागे झोपले. कामिनीची मान ताठ होती. वारा होता, अंगाला लागत होता, पण मारत नव्हता. परत आल्यावर वनाभाऊ म्हणाले, "आते ठीक शे," आणि हात पुसून चहा मागवला.

आखाजीचा दिवस आला. घरात घागर भरली होती, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा वास सुटला होता, निंबाला झोके बांधले होते. सासरी बोदवडला कामासाठी गेलेला चंदन त्याच सकाळी परत आला आणि त्याला माझी काच दिसली.

"माझी ओवाळणी कापली!" त्याचा आवाज शेजारच्या मळ्यापर्यंत गेला. "आबा, बघा! भावानं प्रेमानं देल्लं अन् हिनं करवत चालवली!"

आबांनाही ते लागलं. "पोरी, हे काही बरं नाही केलं तू."

कामिनीनं हेल्मेट उचललं. दुसरं चंदनपुढे धरलं. "भाऊ, मागं बस. एरंडोलच्या पुढे जाऊन येऊ. तुझं डोकं हललं तर उद्या कशाला, आजच दे भंगारात."

चंदनचा चेहरा उतरला. सहा वर्षांत तो माझ्यावर बसला नव्हता. "सणाच्या दिवशी कुठी जाते," असं काहीतरी पुटपुटला. पण कोकिळा दारातून म्हणाली, "बसा की. घाबरता काय?" बायकोसमोर माघार कशी घेणार? बसला.

मित्रांनो, तो बसला! ते वजन मी कसं विसरेन? सहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. मी मनात म्हटलं, चल बेट्या, आता दाखवते. नशिराबाद, जळगाव, बांभोरीचा पूल, पाळधी. कामिनीनं वेग वाढवला. साठ. सत्तर. मी सगळा जोर लावला की एक तरी हादरा बसू दे, एक तरी! आणि काही नाही. मागच्या सीटवरही वारा शांत. माझा सूड वनाभाऊंच्या करवतीनं कापून टाकला होता. एवढा अपमान मला पंपघरामागेही झाला नव्हता.

एरंडोल मागे पडलं आणि कामिनी बोलायला लागली. ओरडून नाही, आपण ओट्यावर बसून बोलतो तशी.

"ऐकू येतं का भाऊ?"

"येतं."

"वारा लागतो?"

"नाही."

"मग ऐक. त्या दिवशी तुझा उजवा हात खिशात होता. पाय गार्डवर होते. ब्रेक लागला नाही, कारण तू लावलाच नाही."

मी सत्तरच्या वेगात होते म्हणून बरं, नाहीतर जागीच बंद पडले असते. तिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचे हातपाय दिसतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

चंदन उतरणार तरी कुठे? कामिनी बोलत राहिली. नसलेल्या पायाची बोटं थंडीत कशी ठणकतात ते सांगितलं. आबा रोज सकाळी गाडीवर थुंकायचे तेव्हा तिला खिडकीतून काय वाटायचं ते सांगितलं. 'दगाबाज' हा शब्द त्याच्या तोंडून तिनं किती वेळा ऐकला ते सांगितलं. एकही शिवी दिली नाही. मी दिल्या असत्या. प्रत्येक शब्द त्याच्या कानात जात होता, आणि मागे माझ्या सीटवर तो थरथरत होता. वारा नव्हता तरी.

ट्रॉली उभी होती त्या जागी तिनं मला थांबवलं.

"घरी जाऊन तू सांगशील," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

"अन् नाही सांगितलं तर?"

"तर दर आखाजीले तुले इथं आणीन."

तिनं मला वळवलं आणि आम्ही घरी आलो.

आबा ओट्यावर वाट बघत होते. चंदन उतरला, हेल्मेट हातातच राहिलं. त्यानं सांगितलं. जसं झालं तसं, मान खाली घालून, हात, पाय, मोबाइल, सगळं. कोकिळा पाट मांडत होती, ती तशीच वाकलेली राहिली. मी मनात म्हणत होते, मारा आबा, हाणा त्याला, त्या पायातल्या वहाणेनं हाणा!

आबांनी चंदनकडे पाहिलंच नाही. ते कामिनीकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"हो आबा."

"सहा वर्षं?"

"हो."

"मग बोलली काहून नाहीस, पोरी?"

कामिनीनं हेल्मेट खाली ठेवलं आणि पायरीवर बसली. "तुम्ही भाऊले विचारलं. पोलिसांनी ट्रॅक्टरवाल्याले विचारलं. तुम्ही गाडीले शिव्या देल्ल्या. मले कोणी विचारलंच नाही, आबा. मी मांगं बसेल होती ना."

आबांनी तोंडावर उपरणं घेतलं. सणाचं ताट त्या दिवशी बराच वेळ कोणी वाढलं नाही.

भंगारवाला दुसऱ्या दिवशी आला आणि रिकामा गेला. मला कोणी आता दगाबाज म्हणत नाही. चंदन रविवारी येऊन मला धुतो, चेनला तेल देतो, आणि ते करताना माझ्याकडे बघतो. मी त्याला माफ केलं का? नाही. मुळीच नाही. पण मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सहा वर्षं मला वाटत होतं की माझ्यावरच अन्याय झाला, आणि जिचा पाय गेला तिच्यावर मी चिडत होते, ती गप्प का म्हणून.

तेव्हा मित्रांनो, गाडीची काळजी घ्या. ब्रेक तपासा, तेल बदला, हात हँडलवर ठेवा. वारा मारत असेल तर काच उंच करत बसू नका, त्याला थोडी वाट द्या. आणि कधी काही वाईट घडलंच, तर गाडीला नावं ठेवण्याआधी मागे कोण बसलं होतं ते बघा आणि तिला विचारा.